भंडारा जिल्ह्यातील आरोग्य विमा व वैद्यकीय देयके

भंडारा जिल्ह्यातील आरोग्य विमा व वैद्यकीय देयके या लेखात महाराष्ट्राच्या पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्यात लागू असलेल्या आरोग्य विमा व आरोग्य हमी योजना, विमापत्रात येणाऱ्या संज्ञा, रुग्णालयीन देयकाचे घटक, दाव्याची कार्यपद्धती आणि तक्रार निवारणाची व्यवस्था यांची माहिती दिली आहे. यांतील बहुतेक संज्ञा व नियम संपूर्ण भारतात समान आहेत. मात्र पात्रता, उपचारांचे दर आणि रुग्णालयाची व्याख्या यांसारख्या काही बाबी जिल्हा, शहर किंवा शिधापत्रिकेच्या रंगानुसार बदलत आल्या आहेत.

पार्श्वभूमी

भंडारा जिल्ह्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे सात तालुके आहेत. १ मे १९९९ रोजी या जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. धानशेती हा येथील मुख्य व्यवसाय असून तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी, जवाहरनगर येथील आयुध निर्माणी, तेंदूपाने व विडी हे रोजगाराचे अन्य स्रोत आहेत.

भंडारा येथे जिल्हा सामान्य रुग्णालय, तर तुमसर व साकोली येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. हृदयशस्त्रक्रिया, मेंदूशस्त्रक्रिया किंवा कर्करोगावरील उपचार अशा विशेषोपचारांसाठी रुग्णांना प्रामुख्याने सुमारे ६० किलोमीटर अंतरावरील नागपूर येथे जावे लागते. त्यामुळे जिल्ह्यातील कुटुंबाच्या दृष्टीने आरोग्य विम्याचा प्रश्न हा बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातील रुग्णालयाच्या देयकाचा प्रश्न असतो. घराजवळच्या रुग्णालयात योजना लागू आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. ज्या रुग्णालयात रुग्णाला पाठवले जात आहे ते त्या विशिष्ट उपचारासाठी अंगीकृत आहे की नाही, हेही पाहावे लागते.

भारतात व्यक्तिगत रुग्णालयीन खर्चाचा विमा १९८६ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' या नावाने सुरू केला. हे नाव पुढे इतके रूढ झाले की मराठी बोलण्यात कोणत्याही कंपनीच्या आरोग्य विम्याला आजही 'मेडिक्लेम' म्हटले जाते. १९९९ च्या कायद्यान्वये विमा नियामक व विकास प्राधिकरणाला वैधानिक स्वरूप मिळाले आणि विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले.

जिल्ह्यात लागू असलेल्या योजना

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना

महाराष्ट्र शासनाने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर व मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांचा समावेश होता. भंडारा जिल्हा त्यात नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून योजना संपूर्ण राज्यात लागू झाली, तेव्हा भंडारा जिल्ह्याचा तीत समावेश झाला. पिवळ्या शिधापत्रिकेवरील, अंत्योदय व अन्नपूर्णा योजनेतील, तसेच वार्षिक १ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेली केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबे पात्र होती. प्रतिकुटुंब प्रतिवर्ष १.५ लाख रुपयांचे, तर मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी २.५ लाख रुपयांचे संरक्षण होते.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. कृषिसंकटग्रस्त म्हणून निश्चित केलेल्या १४ जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांनाही योजनेचा लाभ देण्यात आला. या १४ जिल्ह्यांत मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि नागपूर विभागातील केवळ वर्धा हा जिल्हा होता. परिणामी भंडारा जिल्ह्यातील शुभ्र शिधापत्रिका असलेले धान उत्पादक शेतकरी योजनेबाहेर राहिले. एकाच प्रकारची शिधापत्रिका व समान जमीनधारणा असलेल्या वर्धा आणि भंडारा येथील दोन शेतकऱ्यांची पात्रता या काळात भिन्न होती.

केंद्र शासनाने २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू केलेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणाच्या आधारे निवडलेल्या कुटुंबांना प्रतिवर्ष ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळाले. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्रितपणे राबवण्यात येऊ लागल्या. या व्यवस्थेत पहिल्या १.५ लाख रुपयांपर्यंतचा खर्च विमा कंपनी आणि केंद्रीय योजनेच्या लाभार्थ्यांसाठी त्यापुढील ५ लाखांपर्यंतचा खर्च राज्य आरोग्य हमी सोसायटी उचलत असे. विमा कंपनीला दर कुटुंबामागे वार्षिक ७९७ रुपये हप्ता शासनाकडून दिला जाई. लाभार्थ्याला काहीही भरावे लागत नसे.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढवण्यात आली, संरक्षणाची रक्कम ५ लाख रुपये करण्यात आली, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा ४.५ लाख रुपयांवर नेण्यात आली आणि उपचारांची संख्या १,३५६ झाली. विस्तारित योजनेची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून झाली. यामुळे भंडारा जिल्ह्यातील शुभ्र शिधापत्रिकाधारकांवरील वर उल्लेखिलेली मर्यादा संपुष्टात आली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता समाविष्ट करण्यात आले.

कर्मचारी राज्य विमा योजना

१९४८ च्या कायद्यान्वये सुरू झालेल्या या योजनेत आस्थापनांमधील, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात. १ जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी वेतनाच्या ०.७५ टक्के व मालकाची ३.२५ टक्के आहे. १५,००० रुपये वेतनावर कामगाराच्या पगारातून ११२.५० रुपये कपात होते, तर मालक ४८७.५० रुपये भरतो. वेतनचिठ्ठीवर कपात दिसत असूनही अनेक कंत्राटी कामगारांकडे विमा क्रमांक नसतो. उपचाराच्या वेळी हा क्रमांकच पात्रतेचा पुरावा ठरतो.

शासकीय कर्मचाऱ्यांची वैद्यकीय खर्च प्रतिपूर्ती

राज्य शासनाचे व जिल्हा परिषदेचे कर्मचारी, शिक्षक यांच्यासाठीची व्यवस्था विमा नसून प्रतिपूर्ती आहे. ती महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ व त्यानंतरच्या शासन निर्णयांनुसार चालते. खाजगी रुग्णालयातील उपचारांसाठी २७ आकस्मिक व ५ गंभीर आजारांची यादी निश्चित केलेली आहे. कर्मचारी प्रथम स्वतः खर्च करतो आणि नंतर मूळ देयके, औषधांच्या पावत्या व आवश्यक प्रमाणपत्रांसह कार्यालयामार्फत प्रस्ताव सादर करतो. जिल्हा शल्यचिकित्सकांकडून पडताळणी झाल्यावर मान्य रक्कम मिळते. यादीबाहेरील आजारासाठी खाजगी रुग्णालयात झालेला खर्च सर्वसाधारणपणे ग्राह्य धरला जात नाही.

खाजगी व गट विमा

बँकांचे खातेदार, कंपन्यांचे कर्मचारी, सहकारी संस्थांचे सभासद यांच्यासाठी गट विमापत्र काढले जाते. त्यात संस्था ही विमापत्रधारक आणि सभासद हा विमाधारक असतो. नोकरी किंवा सभासदत्व संपले की संरक्षणही संपते. व्यक्तिगत विमापत्रात प्रत्येक सदस्याची विमा रक्कम स्वतंत्र असते. कुटुंब विमापत्रात एकच रक्कम सर्वांमध्ये सामाईक असते आणि एका सदस्याच्या आजारपणात ती संपल्यास वर्षाच्या उर्वरित काळात इतरांसाठी काही शिल्लक राहत नाही.

विमा पद्धत आणि हमी पद्धत

शासकीय योजनांच्या संदर्भात या दोन शब्दांत फरक केला जातो. विमा पद्धतीत शासन विमा कंपनीला हप्ता देते आणि दाव्यांची जोखीम कंपनी उचलते. हमी पद्धतीत मध्यस्थ विमा कंपनी नसते. शासनाची संस्था रुग्णालयाला थेट रक्कम देते. रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही पद्धतींत उपचार रोकडविरहितच असतात, परंतु दावा मंजूर वा नामंजूर करण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे बदलते आणि त्यानुसार तक्रार कोठे करायची हेही बदलते.

विमापत्रातील प्रमुख संज्ञा

विमा रक्कम – एका विमा वर्षात कंपनी देऊ शकेल अशी कमाल रक्कम. ही रक्कम मिळण्याची हमी नसून ती खर्चाची वरची मर्यादा असते.

हप्ता – संरक्षणासाठी भरावयाची रक्कम, अर्थात प्रीमियम. मासिक हप्ता असल्यास मुदत संपल्यानंतर १५ दिवस व अन्य प्रकारांत ३० दिवस सवलतीचा कालावधी मिळतो.

अवलोकन कालावधी – विमापत्र हाती आल्यापासून ते वाचून परत करण्यासाठी मिळणारा ३० दिवसांचा काळ. २०२४ पूर्वी तो सामान्यतः १५ दिवसांचा होता.

पूर्वविद्यमान आजार – विमापत्र घेण्यापूर्वी ३६ महिन्यांच्या आत ज्याचे निदान झाले आहे किंवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला अथवा उपचार घेतले आहेत असा आजार. मधुमेह, उच्च रक्तदाब, तसेच पूर्व विदर्भात आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार ही त्याची उदाहरणे होत. असा आजार प्रस्तावपत्रात नमूद न करणे हे दावा नाकारण्याचे एक प्रमुख कारण असते.

प्रतीक्षा कालावधी – संरक्षण सुरू होऊनही ठरावीक आजारांसाठी दावा करता येत नाही असा काळ. अपघात वगळता सर्व आजारांसाठी पहिले ३० दिवस. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या नमूद आजारांसाठी बहुधा दोन वर्षे. पूर्वविद्यमान आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने. १ एप्रिल २०२४ पूर्वी ही कमाल मर्यादा ४८ महिने होती.

स्थगन कालावधी – विमापत्र सलग ६० महिने चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पूर्वी हा कालावधी आठ वर्षांचा होता.

सहदेयक – प्रत्येक मान्य दाव्यातील विमाधारकाने स्वतः भरावयाचा टक्केवारीतील वाटा. ज्येष्ठ नागरिकांच्या विमापत्रांत तो सर्रास आढळतो.

स्वदेय मर्यादा – खर्चाचा जो पहिला ठरावीक भाग विमाधारकानेच उचलायचा असतो ती रक्कम. सहदेयक टक्केवारीत असते, स्वदेय मर्यादा रुपयांत असते.

पूरक विमापत्र – स्वदेय मर्यादेच्या वरील खर्चासाठी काढलेले विमापत्र, ज्याला व्यवहारात 'टॉप-अप' म्हणतात. साध्या टॉप-अपमध्ये मर्यादा प्रत्येक दाखल प्रसंगाला स्वतंत्रपणे लावली जाते. 'सुपर टॉप-अप'मध्ये वर्षभराच्या एकूण खर्चाला लावली जाते. ५ लाखांची मर्यादा असताना एकाच वर्षात ४ लाख व ३ लाख असे दोनदा खर्च झाले, तर साध्या टॉप-अपमधून काहीच मिळत नाही. सुपर टॉप-अपमधून २ लाख रुपये मिळू शकतात.

उपमर्यादा – विमा रकमेच्या आत विशिष्ट बाबीसाठी ठरवलेली वेगळी मर्यादा. उदाहरणार्थ, खोलीभाड्यासाठी प्रतिदिन विमा रकमेच्या १ टक्का किंवा मोतीबिंदूसाठी ठरावीक रक्कम.

दिवसभराचे उपचार – दावा ग्राह्य धरण्यासाठी सामान्यतः किमान २४ तास आंतररुग्ण म्हणून दाखल असणे आवश्यक असते. डायलिसिस, मोतीबिंदू, केमोथेरपी अशा उपचारांना तंत्रज्ञानामुळे एवढा वेळ लागत नाही, म्हणून त्यांची वेगळी यादी केलेली असते.

रुग्णालय – विमापत्रातील व्याख्येनुसार कायद्यान्वये नोंदणीकृत संस्था, किंवा किमान निकष पूर्ण करणारी संस्था. त्या निकषांत १० लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० आणि इतरत्र किमान १५ आंतररुग्ण खाटा, चोवीस तास पात्र परिचारिका व वैद्यक, सुसज्ज शस्त्रक्रियागृह आणि दैनंदिन नोंदी यांचा समावेश होतो. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली ही सर्व गावे पहिल्या प्रकारात, तर नागपूर दुसऱ्या प्रकारात मोडते. महाराष्ट्रातील शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. नोंदणी क्रमांक नसलेल्या ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा दावा अडचणीत येऊ शकतो.

रुग्णालयीन देयकाचे घटक

रुग्ण दाखल होताना रुग्णालय खर्चाचा अंदाज देते व अनामत रक्कम घेते. उपचारांदरम्यान अंतरिम देयके आणि सुट्टी देताना अंतिम देयक तयार होते. अंतिम देयकात साधारणपणे पुढील शीर्षे असतात: खोलीभाडे किंवा खाटशुल्क, परिचर्या शुल्क, अतिदक्षता विभागाचे शुल्क, डॉक्टरांच्या भेटीचे शुल्क, शल्यविशारद व भूलतज्ज्ञ यांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क, तपासण्या, औषधे, उपभोग्य साहित्य आणि शरीरात बसवलेली उपकरणे.

बाबवार देयक आणि संचदर – बाबवार देयकात प्रत्येक वस्तू व सेवेची स्वतंत्र आकारणी असते. संचदरात, म्हणजे 'पॅकेज'मध्ये, एका उपचारासाठी एकच रक्कम ठरलेली असते. महात्मा फुले योजनेतील संचदरात खाट, परिचर्या, तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया, आवश्यक उपकरणे, रुग्णाचे भोजन, परतीच्या प्रवासाचे भाडे आणि सुट्टीनंतर १० दिवसांपर्यंतचे औषधोपचार अंतर्भूत असतात. म्हणून योजनेखाली दाखल झालेल्या रुग्णाला त्याच उपचारासाठी बाहेरून औषधे आणायला सांगणे किंवा फरकाची रक्कम मागणे योजनेच्या अटींशी विसंगत ठरते.

उपभोग्य साहित्य व अदेय बाबी – विमा नियामकाने देयकातील किरकोळ बाबींच्या चार याद्या केल्या आहेत. पहिल्या यादीतील ६८ बाबी, उदाहरणार्थ बालअन्न, डायपर, थर्मामीटर, विमापत्रात वेगळी तरतूद नसेल तर दिल्या जात नाहीत. दुसऱ्या यादीतील बाबी खोलीभाड्यात, तिसऱ्या यादीतील शस्त्रक्रियेच्या शुल्कात व चौथ्या यादीतील उपचारखर्चात अंतर्भूत मानल्या जातात. त्यांची वेगळी आकारणी अपेक्षित नसते.

उपकरणांचे दर – राष्ट्रीय औषध दर प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवल्या जाणाऱ्या स्टेंटच्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. उपकरणाच्या वेष्टनावरील चिकटपट्टी देयकाला जोडलेली असणे दाव्यासाठी आवश्यक असते, कारण तिच्यावर उत्पादकाचे नाव व उपकरणाचा क्रमांक असतो.

रोगनिदान संकेतांक – दावापत्रात आजाराची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणानुसार अक्षर व अंक यांच्या संकेतांकाने केली जाते. शासकीय योजनेत प्रत्येक उपचाराला त्याचा स्वतंत्र संकेतांक असतो. कागदपत्रांवरील निदान व दाव्यातील संकेतांक जुळत नसल्यास दावा स्पष्टीकरणासाठी परत येतो.

सुट्टीचा सारांश – निदान, दाखल व सुट्टीच्या तारखा, केलेले उपचार आणि पुढील सल्ला यांची नोंद असलेला दस्तऐवज. आजार किती दिवसांपासून आहे याची त्यातील एक ओळ पूर्वविद्यमान आजाराच्या निर्णयाला कारणीभूत ठरू शकते. त्यामुळे चुकीची नोंद झाल्यास रुग्णालय सोडण्यापूर्वीच ती लेखी दुरुस्त करून घेणे महत्त्वाचे असते.

दाव्याची प्रक्रिया

शासकीय योजनेत अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र हा पहिला संपर्क असतो. तो शिधापत्रिका अथवा अन्य पात्रता पुरावा व छायाचित्र ओळखपत्र पाहून रुग्णाची ऑनलाइन नोंदणी करतो. त्यानंतर रुग्णालय पूर्वपरवानगीसाठी निदान व तपासण्या पाठवते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून परवानगी घेऊन उपचार सुरू करता येतात. योजना पूर्णतः रोकडविरहित असून तीत सर्वसाधारणपणे प्रतिपूर्तीची तरतूद नाही. अंगीकृत नसलेल्या रुग्णालयात स्वखर्चाने उपचार घेऊन नंतर पैसे मागण्याचा मार्ग तीत नाही. काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असतात. ते खाजगी अंगीकृत रुग्णालयात घेतल्यास योजनेचा लाभ मिळत नाही. भंडाऱ्याहून नागपूरला रुग्ण हलवताना या दोन बाबींची आगाऊ खातरजमा केली नाही, तर पात्र कुटुंबालाही संपूर्ण देयक भरावे लागू शकते.

खाजगी विम्यात दोन मार्ग असतात. रोकडविरहित मार्गात रुग्णालय विमा कंपनीकडून किंवा त्रयस्थ प्रशासकाकडून पूर्वपरवानगी घेते. त्रयस्थ प्रशासक ही दाव्यांचे कामकाज पाहणारी परवानाधारक संस्था असते. दावा मान्य वा अमान्य करण्याची अंतिम जबाबदारी विमा कंपनीचीच असते. प्रतिपूर्तीच्या मार्गात विमाधारक देयक भरून नंतर मूळ कागदपत्रांसह दावा करतो. जानेवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण विमा परिषदेने संलग्न नसलेल्या रुग्णालयांतही रोकडविरहित सुविधा देण्याचा उपक्रम जाहीर केला. त्यासाठी नियोजित उपचारापूर्वी किमान ४८ तास, तर आकस्मिक प्रसंगी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवणे आवश्यक आहे.

विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रोकडविरहित उपचारांच्या विनंतीवर एक तासात आणि सुट्टीच्या वेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावयाचा असतो. विलंबामुळे रुग्णालयाने वाढीव आकारणी केल्यास ती कंपनीने सोसायची असते. रुग्णाचा मृत्यू झाल्यास पार्थिव तातडीने ताब्यात मिळावे यासाठी कंपनीने दाव्यावर लगेच कार्यवाही करणे अपेक्षित आहे.

प्रमाणशीर कपातीचे उदाहरण

विमापत्रात खोलीभाड्याची उपमर्यादा असेल आणि रुग्णाने त्याहून महाग खोली घेतली, तर केवळ भाड्यातील फरक नव्हे, तर संबंधित वैद्यकीय खर्चही त्याच प्रमाणात कमी केला जातो. पुढील काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होते.

विमा रक्कम ३ लाख रुपये व खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे प्रतिदिन ३,००० रुपये आहे. रुग्ण ५,००० रुपयांच्या खोलीत चार दिवस राहिला. खोलीभाडे २०,००० रुपये; डॉक्टर, परिचर्या व शस्त्रक्रियागृह यांचे शुल्क ६०,००० रुपये; औषधे, तपासण्या व उपकरणे ४०,००० रुपये; असे एकूण देयक १,२०,००० रुपये झाले.

मान्य भाडे १२,००० रुपये. ३,००० व ५,००० यांचे प्रमाण ६० टक्के असल्याने संबंधित शुल्कापैकी ३६,००० रुपये मान्य होतात. औषधे, उपभोग्य साहित्य, उपकरणे व तपासण्या यांना प्रमाणशीर कपात लावता येत नाही. म्हणून ४०,००० रुपये पूर्ण मान्य होतात. एकूण मान्य रक्कम ८८,००० रुपये आणि कुटुंबाचा वाटा ३२,००० रुपये होतो. खोलीभाड्यातील फरक मात्र केवळ ८,००० रुपयांचाच होता. यावर १० टक्के सहदेयक असल्यास कंपनी ७९,२०० रुपये देते आणि कुटुंबाला ४०,८०० रुपये भरावे लागतात.

अतिदक्षता विभागाच्या शुल्काला, तसेच खोलीच्या वर्गानुसार शुल्क न बदलणाऱ्या रुग्णालयांना अशी कपात लागू होत नाही.

कोविड काळातील दरनियंत्रण

कोविड–१९ साथीच्या काळात महाराष्ट्र शासनाने मे २०२० मध्ये खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी कमाल दर निश्चित केले. साधा विलगीकरण कक्ष ४,००० रुपये, कृत्रिम श्वसनयंत्राविना अतिदक्षता ७,५०० रुपये आणि श्वसनयंत्रासह ९,००० रुपये असे हे प्रतिदिन दर होते. त्याच महिन्यात महात्मा फुले योजनेचा लाभ तात्पुरता राज्यातील सर्व नागरिकांना देण्यात आला. जून २०२१ मध्ये शहरांचे तीन वर्ग करण्यात आले. नागपूर 'अ' वर्गात राहिले. सर्व जिल्हा मुख्यालये 'ब' वर्गात आल्याने भंडारा शहरात हे दर अनुक्रमे ३,०००, ५,५०० व ६,७०० रुपये झाले. उर्वरित भाग 'क' वर्गात येऊन तेथे २,४००, ४,५०० व ५,४०० रुपये दर लागू झाले. देयकांच्या तपासणीसाठी लेखापरीक्षक नेमण्यात आले. खाजगी देयकाची रचना व दर शासनाने ठरवल्याचे हे राज्यातील एक महत्त्वाचे उदाहरण होय.

करविषयक तरतुदी

रुग्णालयीन सेवा वस्तू व सेवा करातून मुक्त आहेत. मात्र १८ जुलै २०२२ पासून प्रतिदिन ५,००० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर, अतिदक्षता विभाग वगळून, ५ टक्के कर लागतो. व्यक्तिगत आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द करण्यात आला. जुन्या करप्रणालीत आयकर कायद्यानुसार हप्त्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते.

धर्मादाय रुग्णालयांतील सवलत

विम्याव्यतिरिक्त देयक कमी होण्याचा एक वैधानिक मार्ग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१कक मध्ये आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवणे आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करणे बंधनकारक आहे. नागपूरच्या धर्मादाय रुग्णालयांत दाखल होणाऱ्या भंडारा जिल्ह्यातील रुग्णांनाही उत्पन्नाच्या दाखल्यावर ही सवलत मागता येते.

तक्रार निवारण

शासकीय योजनेतील तक्रार प्रथम आरोग्यमित्राकडे, नंतर योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे आणि त्यापुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे नेता येते. पैसे मागितल्याची तक्रार असल्यास पावती हा मुख्य पुरावा असतो.

खाजगी विम्यात तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी लागते. कंपनीच्या दावा पुनर्विलोकन समितीच्या मान्यतेशिवाय कोणताही दावा नाकारता येत नाही आणि नकार देताना विमापत्रातील संबंधित अट नमूद करावी लागते. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. भंडारा जिल्हा पुणे येथील लोकपालाच्या कार्यक्षेत्रात येतो. लोकपालाकडे शुल्क किंवा वकील लागत नाही; ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. याशिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये भंडारा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते.

भाषेचा प्रश्न

जिल्ह्यात बोलीभाषा म्हणून झाडीबोली व व्यवहारात प्रमाण मराठी वापरली जात असली, तरी खाजगी विमापत्र, रुग्णालयाचे देयक, सुट्टीचा सारांश व नकारपत्र ही कागदपत्रे प्रामुख्याने इंग्रजीत असतात. त्यामुळे अटी समजून घेण्याची वेळ अनेकदा दावा नाकारला गेल्यानंतरच येते. १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक आरोग्य विमापत्रासोबत विमा रक्कम, प्रतीक्षा कालावधी, उपमर्यादा, सहदेयक, अपवाद व तक्रारीचे मार्ग थोडक्यात सांगणारे सुधारित ग्राहक माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे. विमाधारकाने मागणी केल्यास हे माहितीपत्रक स्थानिक भाषेत, म्हणजे भंडारा जिल्ह्यात मराठीत, उपलब्ध करून देणे कंपनीवर बंधनकारक आहे. ३० दिवसांच्या अवलोकन कालावधीत ही मागणी केल्यास विमापत्र ठेवायचे की परत करायचे याचा निर्णय अटी वाचून घेता येतो.

हेही पहा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना
आयुष्मान भारत योजना
कर्मचारी राज्य विमा महामंडळ
विमा लोकपाल
भंडारा जिल्हा